निम्मी उत्तरे उलटी का येतात?

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रातील अभिक्रिया मला जमतात, पण स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातील मांडणी वेगळी असलेले समघटक) हे प्रकरण आले की डोके चालत नाही. डाव्या-उजव्या हाताचे उदाहरण पाठ आहे. मात्र उदाहरणे सोडवताना त्याचा उपयोग होत नाही. आर आणि एस (कार्बनभोवतीच्या गटांच्या दोन उलट मांडण्यांची नावे) ठरवताना निम्म्या वेळा उत्तर उलटे येते. वहीची काही पाने सोबत पाठवत आहे. एस म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारा असे मी टिपून ठेवले आहे, ते बरोबर आहे का? टार्टारिक आम्लात दोन कायरल (चार वेगवेगळे गट जोडलेले) कार्बन असूनही समघटक चार न होता तीनच का होतात? आमच्या सरांनी वर्गात सांगितले की काही मुलांना त्रिमितीय दृष्टीच नसते, त्यांनी सरळ पाठांतर करावे. माझे वडील पूर्व भागातील एका चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. हे शिकून नेमके काय कळते, असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी रसायनशास्त्र मुख्य विषय म्हणून ठेवावे की सोडून द्यावे?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुझ्या वहीची पाने मी नीट तपासली. आर-एसची जी उदाहरणे चुकली आहेत, त्या प्रत्येकात हायड्रोजन आडव्या रेषेवर आहे. जी बरोबर आली आहेत, त्यांत तो उभ्या रेषेवर किंवा तुटक रेषेने मागे गेलेला दाखवला आहे. अंदाजाने ठोकून दिलेली उत्तरे इतक्या शिस्तीने चुकत नाहीत. गटांचा अग्रक्रम तू दर वेळी बिनचूक लावला आहेस, फिरण्याची दिशाही कागदावर जशी दिसते तशीच लिहिली आहेस आणि तरीही उत्तर उलटे आले आहे, याचा अर्थ फिशरच्या फुलीसारख्या सपाट आकृतीमागचा एक संकेत तुझ्यापर्यंत पोहोचलेला नाही, एवढाच होतो. त्रिमितीय दृष्टीविषयीचे ते वाक्य तूर्त बाजूला ठेव.

लॅक्टिक आम्लाचे तुझेच उदाहरण घेऊ. वर कार्बोक्सिल, खाली मिथिल, डावीकडे हायड्रॉक्सिल आणि उजवीकडे हायड्रोजन अशी फुली तू काढली आहेस. मधल्या कार्बनला थेट जोडलेल्या अणूंमध्ये ऑक्सिजनचा अणुक्रमांक सर्वांत मोठा, म्हणून हायड्रॉक्सिल पहिला. कार्बोक्सिल आणि मिथिल हे दोन्ही गट कार्बनच्या द्वारेच जोडलेले असल्यामुळे तेथे एक पायरी पुढे जाऊन पाहावे लागते. कार्बोक्सिलच्या कार्बनला ऑक्सिजन जोडलेले आहेत आणि मिथिलच्या कार्बनला नुसते हायड्रोजन, म्हणून कार्बोक्सिल दुसरा व मिथिल तिसरा. हायड्रोजन अर्थातच शेवटचा. आता डावीकडून वर आणि वरून उजव्या बाजूने खाली असे बोट फिरवले की ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून तू आर लिहिलेस. बरोबर उत्तर एस आहे.

फिशरच्या आकृतीत उभ्या रेषा कागदाच्या मागे जातात आणि आडव्या रेषा पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे येतात, असा संकेत आहे. कागद सपाट असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, लक्षात ठेवावा लागतो. कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग या तिघांनी १९६६ साली सविस्तर मांडलेला नियम मात्र असे सांगतो की शेवटच्या क्रमांकाचा गट पाहणाऱ्यापासून दूर ठेवावा आणि मगच उरलेल्या तिघांची दिशा पाहावी. तुझ्या आकृतीत हायड्रोजन आडव्या रेषेवर, म्हणजे तुझ्या नाकासमोर आलेला आहे. तू रेणूकडे नियमात सांगितलेल्या बाजूच्या नेमक्या विरुद्ध बाजूने पाहत आहेस आणि काचेच्या दारावरचे घड्याळ मागून पाहिले तर काटे उलटे फिरताना दिसतात तसे येथे झाले आहे. गाइडांमध्ये ‘हायड्रोजन आडवा असेल तर उत्तर उलटे करा’ अशी चौकट छापलेली असते. ती चौकट खरी आहे आणि परीक्षेत खुशाल वापर. पण कारण माहीत नसताना ती वापरणारी मुले पाचरीच्या आकृतीतही हायड्रोजन आडवा दिसला की उत्तर उलटून मोकळी होतात, आणि तेथे मात्र हायड्रोजन पुढे येतो की मागे जातो हे गडद पाचर की तुटक रेषा यावरून ठरते, रेषेच्या आडवे-उभेपणावरून ठरत नाही.

हे कागदावर वाचून पटणार नाही, म्हणून आज संध्याकाळी एक प्रतिकृती तयार कर. बाजारातला मॉडेल संच चांगला असतो, परंतु त्यासाठी खोळंबून राहू नकोस. घट्ट मळलेल्या कणकेची एक गोळी घे, तिच्यात चार टूथपिक अशा खोच की कोणत्याही दोन काड्यांमधले अंतर सारखे दिसेल. खरा कोन साडेएकशे नऊ अंशांचा असतो, पण तुझ्या कामाला नजरेचा अंदाज पुरे. एका काडीच्या टोकाला भिजवलेला हरभरा लाव, तो हायड्रॉक्सिल. दुसरीला वाटाणा, तो कार्बोक्सिल. तिसरीला शेंगदाणा, तो मिथिल. आणि चौथी काडी मोकळी ठेव, ती हायड्रोजन. मोकळी काडी बोटांत धरून तिच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे तिन्ही दाणे आपल्याकडे येतील असे पाहा. हरभऱ्यापासून वाटाणा आणि वाटाण्यापासून शेंगदाणा हा प्रवास आता ज्या दिशेने दिसेल ती खरी दिशा. घड्याळाप्रमाणे असेल तर आर, उलट असेल तर एस.

त्यानंतर हीच प्रतिकृती अशी धर की वाटाणा वर व शेंगदाणा खाली राहून दोन्ही मागे झुकतील आणि हरभरा व मोकळी काडी तुझ्याकडे पुढे येतील. समोरून जे दिसते ते जसेच्या तसे वहीत दाबून टाकले की फिशरची फुली तयार होते. फुली कागदावर १८० अंश फिरवली तर पुढचे गट पुढेच राहतात, म्हणून ते चालते; ९० अंश फिरवली तर पुढे आलेले गट मागे आणि मागे गेलेले पुढे असा अर्थ लागू लागतो आणि आपण नकळत दुसऱ्याच रेणूची आकृती काढून बसतो. हा नियम तुझ्या वहीत तीन ठिकाणी लिहिलेला आहे, पण कारण एकदाही नाही.

आता दुसरी प्रतिकृती पहिलीच्या आरशातल्या प्रतिमेप्रमाणे कर आणि दोन्ही एकमेकींवर बसवण्याचा प्रयत्न कर. कोणतेही दोन दाणे जुळवले तरी उरलेली दोन टोके अदलाबदल झालेली सापडतील. मग एकीवरचे कोणतेही दोन गट आपसांत बदल. त्या क्षणी दोन्ही प्रतिकृती तंतोतंत सारख्या होतील. एक अदलाबदल केली की दुसरा समघटक, दोन केल्या की पुन्हा मूळचा, हे एकदा बोटांना कळले की फिशरच्या आकृत्यांची निम्मी भीती जाते. मोबाइलवर रेणू फिरवून दाखवणारी ॲप आहेत, ती पुढे मोठ्या रेणूंसाठी उपयोगी पडतील. सुरुवात मात्र त्यांच्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पडद्यावर फिरणारे चित्रही शेवटी सपाटच असते आणि तेथे चुकीची जुळणी करून पाहण्याची सोय बहुधा नसते.

हातांचे उदाहरण तुझ्या कामी आले नाही, याचे कारण ते फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. दोन आकृत्या समोर आल्या की त्याआधी आणखी काही विचारावे लागते. रेणुसूत्र एकच आहे, पण कोणता अणू कोणाला जोडलेला आहे हेही एकच आहे का? एथिल अल्कोहोल आणि डायमिथिल ईथर यांचे सूत्र एक असले तरी जोडणी वेगळी आहे, तेव्हा तेथे त्रिमितीचा प्रश्नच उद्भवत नाही. जोडणी एक असेल तर एकेरी बंधाभोवती फिरवून किंवा सबंध रेणू वळवून एक आकृती दुसरीवर बसवता येते का, हे पाहावे. बसत असेल तर तो एकच पदार्थ आहे. ब्युटेनच्या न्यूमन आकृत्या (एका बंधाच्या रेषेत पाहून काढलेल्या) याच प्रकारात मोडतात. सामान्य तापमानाला एकेरी बंध सतत फिरत असतात, त्यामुळे त्या मांडण्या वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवता येत नाहीत. जे फिरवूनही बसत नाहीत ते खरे वेगळे पदार्थ, आणि आरशाचा प्रश्न फक्त त्यांनाच विचारायचा: एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतील तर एनॅन्शिओमर, नसतील तर डायस्टिरिओमर.

या शेवटच्या वाक्यात पुस्तकाच्या मांडणीमुळे झाकली जाणारी एक गोष्ट आहे. भौमितिक समघटकता एका प्रकरणात आणि प्रकाशीय समघटकता दुसऱ्या प्रकरणात दिल्यामुळे विद्यार्थ्यांना त्या दोन वेगळ्या जाती वाटतात. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांत अणूंची जोडणी एकच आहे. दुहेरी बंध फिरत नसल्यामुळे मॅलेइकमध्ये दोन्ही कार्बोक्सिल गट एका बाजूला आणि फ्युमॅरिकमध्ये विरुद्ध बाजूंना अडकून पडतात. आणि ही दोन आम्ले एकमेकांच्या प्रतिमा नाहीत. म्हणजे तीही डायस्टिरिओमरच. डायस्टिरिओमरांचे गुणधर्म साध्या उपकरणांनाही वेगळे दिसतात: मॅलेइक आम्ल सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर फ्युमॅरिकला २८० अंशांच्याही वर जावे लागते, मॅलेइक तापवले की शेजारी असलेल्या दोन कार्बोक्सिल गटांमधून पाणी निघून ॲनहायड्राइड तयार होते, फ्युमॅरिकचे तसे सहजासहजी होत नाही. एनॅन्शिओमरांचे मात्र वितळणांक, घनता, पाण्यातील विद्राव्यता हे सगळे एकसारखे असते. त्यांतला फरक ओळखायला असे काहीतरी लागते ज्याला स्वतःलाच डावे-उजवे आहे.

टार्टारिक आम्लाचे कोडे येथेच सुटते. दोनाचा एनवा घात (एन म्हणजे कायरल कार्बनांची संख्या) हे सूत्र जास्तीत जास्त किती समघटक संभवतात ते सांगते, नेमके किती असतील ते सांगत नाही. चार फुल्या काढ. पहिल्या दोन्हींत हायड्रॉक्सिल गट विरुद्ध बाजूंना येतील, एकीत वरचा उजवीकडे व खालचा डावीकडे, दुसरीत याच्या उलट. ही झाली एनॅन्शिओमरांची जोडी. वरचा उजवीकडे असलेली आकृती म्हणजे दोन-आर, तीन-आर, आणि आपल्या चिंचेतला आंबटपणा प्रामुख्याने तिचाच. उरलेल्या दोन आकृत्यांपैकी एकीत दोन्ही हायड्रॉक्सिल उजवीकडे, दुसरीत दोन्ही डावीकडे येतात. त्यांतली एक कागदावरच १८० अंश फिरव. ती दुसरीवर बरोबर बसेल, म्हणजे तू एकच रेणू दोनदा काढला होतास. हा मेसो समघटक. त्याच्या मध्यभागी आडवी रेषा ओढली तर वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याची प्रतिमा ठरतो. एक कार्बन आर आहे, दुसरा एस, आणि सबंध रेणू कायरल नाही, म्हणजे तो स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेवर बसतो. कायरल कार्बन दिसला की रेणू कायरल असे समीकरण वहीत असेल तर खोडून टाक. आकडेही पाहण्यासारखे आहेत: दोन्ही एनॅन्शिओमर सुमारे १७० अंशांना वितळतात, त्यांचे समभाग मिश्रण सुमारे २०६ अंशांना आणि मेसो त्यांच्याहून कमी, १४०च्या आसपास.

याच आम्लाच्या क्षारावर लुई पाश्चर यांनी १८४८ साली पॅरिसमध्ये काम केले, तेव्हा ते पंचविशीत होते. प्रकाशावर काहीच परिणाम न करणाऱ्या टार्टारिक आम्लाचा सोडियम-अमोनियम क्षार त्यांनी स्फटिकरूपात मिळवला, भिंगाखाली त्यात दोन तऱ्हेचे स्फटिक पाहिले, चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले आणि दोन्हींची द्रावणे ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल विरुद्ध दिशांना वळवतात, हे दाखवले. हे दोन ढीग वेगळे पडण्यासाठी स्फटिकीभवन सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली व्हावे लागते. त्याहून उष्ण असेल तर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात बांधली जातात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पाश्चर यांच्या हाती काही लागले नसते. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात हा विचार व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १८७४ मध्ये मांडला, म्हणजे पाश्चर यांच्यानंतर पाव शतकाने. त्यावरही कोल्बे यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये जाहीरपणे खिल्ली उडवली. अणूंची अवकाशातील मांडणी डोळ्यांसमोर आणणे ज्यांना पटले नाही त्यांच्या यादीत मोठमोठी नावे आहेत, हे तुझ्या सरांच्या वाक्याच्या संदर्भात सांगून ठेवते.

तुझी ती टीप मात्र चुकीची आहे. आर आणि एस ही कागदावर नियम लावून दिलेली नावे आहेत. प्रकाश उजवीकडे वळतो की डावीकडे, हे ध्रुवणमापकावर मोजूनच कळते आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी असा सरळ संबंध नाही. आपल्या स्नायूंमध्ये तयार होणारे लॅक्टिक आम्ल एस आहे आणि ते प्रकाश उजवीकडे वळवते. त्याचेच मिथिल एस्टर तयार केले तर मधल्या कार्बनचा एकही बंध तुटत नाही, नाव एसच राहते, तरी ते एस्टर प्रकाश डावीकडे वळवते. शर्करांसारख्या रेणूंच्या नावापुढे फिशरच्या आकृतीवरून लावल्या जाणाऱ्या डी आणि एल या अक्षरांचाही वळवण्याशी संबंध नाही. यासाठी तुला पुस्तक उघडण्याचीही गरज नाही, कारण आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गाळप हंगामात हे मोजमाप रोज चालते. उसाच्या रसाचा ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण, आणि पोल म्हणजे निवळलेल्या रसाने ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती वळवले त्यावरून काढलेले साखरेचे प्रमाण. साखरेचे विशिष्ट वलन उजवीकडे ६६.५ अंश असते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की त्यातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. ग्लुकोज उजवीकडे ५२.७ अंश वळवते, तर फ्रुक्टोज डावीकडे सुमारे ९२ अंश. दोन्ही डी-शर्करा आहेत, तरी दिशा विरुद्ध आहेत. पोल घटतो, उतारा घटतो आणि वजनकाट्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांवरून शेतकरी-कारखाना वाद सुरू होतो, त्यामागे हेही एक कारण असते.

डी आणि एल यांच्याविषयी एक गोष्ट पुस्तकात सहसा एका ओळीत उरकलेली असते. एमिल फिशर यांनी शर्करांच्या मांडण्या ठरवल्या तेव्हा दोन प्रतिमांपैकी खरी कोणती, हे कळण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता; त्यांनी एक गृहीत धरली आणि सगळ्या आकृत्या तिच्या आधारे काढल्या. १९५१ मध्ये नेदरलँड्समधील बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या सोडियम-रुबिडियम क्षारावर क्ष-किरणांचा प्रयोग करून प्रत्यक्ष मांडणी शोधली, तेव्हा ते गृहीत खरे निघाले. खोटे निघाले असते तर जगातली सगळी पुस्तके आरशात धरून वाचावी लागली असती.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच मागावर आहे. चादरीचे सूत कापसाचे असते आणि कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे डी-ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. दुपारच्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीत मुख्यतः स्टार्च असते आणि तेही त्याच डी-ग्लुकोजच्या कड्यांचे. ग्लुकोजच्या वलयात पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन वलयाच्या कोणत्या बाजूला आहे, एवढाच फरक आहे: सहाव्या कार्बनच्या विरुद्ध बाजूला असेल तर अल्फा, त्याच बाजूला असेल तर बीटा. अल्फा जोडणीने साखळी वेटोळी होते, बीटा जोडणीने ती सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी-शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात आणि त्यातून धागा होतो, पिळता येतो, ताणता येतो, ताण्या-बाण्यात घालता येतो, धुतला तरी विरघळत नाही. आपल्या लाळेतील अमायलेज अल्फा जोडणी तोडते, बीटा जोडणीला ते हातही लावू शकत नाही. मंगळवेढ्याच्या शिवारातले ज्वारीचे एक ताट डोळ्यांपुढे आण. कणसातले दाणे आपण खातो आणि कडबा बैलासमोर टाकतो, कारण कडब्यातला सेल्युलोज फोडणारे सूक्ष्मजीव बैलाच्या पोटात असतात, आपल्या पोटात तसे नसतात. वडिलांना सांग की भाकरी पचते आणि चादर टिकते, या दोन्हींचे कारण तू या प्रकरणात शिकत आहेस. अल्फा आणि बीटा ग्लुकोज एकमेकांच्या प्रतिमा नसल्यामुळे ते डायस्टिरिओमर ठरतात, हे मात्र त्यांना सांगण्यापेक्षा परीक्षेत लिही.

एनॅन्शिओमरांमधला फरकही आपले शरीर ओळखते, कारण शरीरातील प्रथिने स्वतःच एका हाताची आहेत. बाळंतशोपाच्या वासात कार्व्होन नावाचा जो पदार्थ असतो, त्याचीच आरशातली प्रतिमा स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याला वास देते; जोडणी तीच, वितळणांक तोच, आणि नाकाला दोन वास वेगळे. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या सेटिरिझिनमध्ये दोन्ही एनॅन्शिओमर समप्रमाणात असतात आणि गोळी १० मिलिग्रॅमची असते. लेव्होसेटिरिझिनमध्ये त्यांपैकी फक्त परिणामकारक आर रूप ठेवलेले असते, म्हणून ती ५ मिलिग्रॅमची असते. थॅलिडोमाइडचे उदाहरण तुमच्या नोट्समध्ये असेलच. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेल्या आणि १९६१ मध्ये मागे घेतलेल्या या औषधामुळे दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली. त्यातले एक रूप झोप आणणारे आणि दुसरे घातक असे सांगून नोट्स थांबतात. परंतु ही दोन रूपे शरीरात एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे फक्त ‘चांगले’ रूप दिले असते तरी गर्भ सुरक्षित राहिला नसता. तोंडी परीक्षेत हे उदाहरण दिलेस तर हा भाग वगळू नकोस.

विषय सोडण्याविषयी. अभिक्रिया जमतात असे तू लिहितेस, तेव्हा एसएन२ (एका गटाच्या जागी दुसरा गट येण्याची अभिक्रिया) तुला येत असणार. तिच्यात येणारा गट जाणाऱ्या गटाच्या विरुद्ध बाजूने शिरतो आणि कार्बनवरची मांडणी उलटी होते. म्हणजे जे जमते आणि जे जमत नाही असे तुला वाटते, ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. प्रयोगशाळेत उभे राहणेच नकोसे वाटत असते, किंवा अभिक्रिया पाठ करूनही कंटाळा येत असता, तर मी सोडण्याचा विचार कर असे म्हटले असते. तुझ्या पत्रात तसे काही नाही. सोलापूरच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींत रसायने आणि औषधांचा कच्चा माल तयार करणारे कारखाने आहेत, पुढे औषधनिर्माणाकडे जाता येते. या दोन्ही ठिकाणी हे प्रकरण टाळता येत नाही, आणि तू ते टाळावेस असे तुझी वही पाहून मला वाटत नाही. विषय ठेव. सरांशी वाद घालण्याऐवजी लॅक्टिक आम्लाचे पान आणि कणकेची प्रतिकृती घेऊन त्यांच्याकडे जा आणि नेमके कोठे चुकत होते ते दाखव. बहुतेक शिक्षकांना असा विद्यार्थी आवडतो.

तोवर दोन उदाहरणे करून पाहा, आधी प्रतिकृतीवर आणि मग कागदावर. २,३-डायक्लोरोब्युटेनचे त्रिमितीय समघटक तीन आले पाहिजेत, टार्टारिक आम्लाप्रमाणेच. त्यानंतर २,३-डायक्लोरोपेंटेन घे. तेथे चार आले पाहिजेत. तेथेही तीनच आले, तर मधोमध आडवी रेषा ओढताना वरच्या टोकाला मिथिल आणि खालच्या टोकाला एथिल आहे, हे तुझ्या नजरेतून सुटले आहे.